लेकरू कुणाचं?

माघातल्या रविवारी कोल्हापूरकर जोतिबाचे खेटे घालतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. पहाटे पंचगंगेच्या घाटावर पाय धुवायचे, शिवाजी पूल ओलांडायचा, आणि वडणगे, निगवे, कुशिरे अशी एकेक गावे मागे टाकत अनवाणी गायमुखाशी यायचे. तिथून पुढे डोंगराची चढण. रत्नासुराचा वध करून केदारनाथ हिमालयात परत निघाला, तेव्हा त्याला थांबवायला खुद्द अंबाबाई कोल्हापुराहून पायी डोंगरावर आली, त्याची ही आठवण म्हणतात. लहानपणी आईच्या बोटाला धरून मी हे खेटे घातलेले आहेत. पुढे लग्न झाले, मुंबईला बिऱ्हाड झाले आणि ते सुटले.

गेल्या माघात फार वर्षांनी पुन्हा गेले. उत्साह विशीतला आणि गुडघे साठीतले, असा प्रकार! गायमुखापर्यंत कसेबसे आले आणि एका झाडाखाली बसकण मारली. बरोबरीच्या मंडळींना म्हटले, तुम्ही व्हा पुढे, मी येते मागाहून. शेजारी एक म्हातारी बसली होती. हिरवे लुगडे, कपाळावर कालचा गुलाल अजून तसाच, आणि समोर पेरूची पाटी. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलेच नाही. पाहिले ते पायांकडे.

"सुजल्यात. वर करून बस," ती म्हणाली. आणि मी काही म्हणायच्या आत माझी टाच हातात घेऊन तिने अंगठ्याने अशी काही दाबली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि दुसऱ्या क्षणी ठणका निम्म्यावर आला.

"आजी, तुमच्या हाताला गुण आहे!"

"असंल की. ह्या डोंगरावरची निम्मी मानसं ह्याच हातातनं खाली आल्याती."

आजी सुईण होत्या. सासूच्या हाताखाली शिकल्या आणि चाळीस-एक वर्षे त्यांनी वाडी रत्नागिरीत आणि डोंगराखालच्या वाड्यांतून बाळंतपणे केली. आता कुणी बोलावत नाही. कळा सुरू झाल्या की गाडी येते आणि पोरी दवाखान्यात जातात. याबद्दल त्या कुरकुरतील असे मला वाटले होते. पण त्या म्हणाल्या, "बरंच झालं. माझ्या हातनं दोघी गेल्या. त्या अजून सपनात येत्यात." एवढे बोलून त्यांनी गिऱ्हाइकाला पेरू दिले, पैसे मोजून कनवटीला लावले आणि पुन्हा माझा दुसरा पाय ओढून घेतला.

त्या दोघींच्या उल्लेखाने मी जरा गप्प झाले. काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाले, "आजी, तुमच्याच कामातल्या एका बाईची भिंत बघून आले मी अमेरिकेत."

"भित? भित कशी आसंल?"

सांगायचे म्हणजे, माझी लेक लॉस एंजेलिस शहरात असते. आदल्या वर्षी तिच्याकडे गेले होते. एके दिवशी ती मला शहराच्या जुन्या भागात घेऊन गेली. स्प्रिंग स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना मान मोडेल अशा इमारती. त्यांच्या मागच्या बाजूला, दोन रस्त्यांच्या मधोमध, एक छोटेसे अंगण आणि त्यात काळसर रंगाची ८१ फूट लांब भिंत. १९८९ साली उभारलेली. तिच्यावर एका बाईचे चरित्र दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांनी मांडले आहे. गाडीचे चाक, कात्री, सुईणीची थैली यांचे ठसे उमटवले आहेत. आमच्याकडे राजांचे पुतळे असतात, संतांच्या समाध्या असतात. पण सुईणीची थैली भिंतीवर कोरलेली मी जन्मात पाहिली नव्हती. परत आल्यावर त्या बाईविषयी मिळेल ते वाचून काढले. पण ते सारे नीट समजले ते गायमुखापाशी, आजींना सांगताना. कारण आजी मध्येमध्ये जे प्रश्न विचारीत होत्या, ते मला वाचताना सुचलेच नव्हते.

तिचे नाव ब्रिजेट. सगळे बिडी म्हणत.

"बिडी? वढायची?" आजी पदर तोंडाला लावून हसल्या.

बिडी १८१८ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलाम म्हणून जन्मली. लहानपणीच आईबापांपासून तुटली आणि पुढे मिसिसिपी प्रांतातल्या रॉबर्ट स्मिथ नावाच्या शेतमालकाच्या घरी तिचे आयुष्य गेले. कापूस वेचायचा, गुरे राखायची, मालकिणीची सेवा करायची. लिहायला-वाचायला तिला कुणी शिकवले नाही. शिकवले ते गुलाम वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांनी: झाडपाल्याची औषधे आणि बाळंतपण. तीन मुली झाल्या. एलेन, अ‍ॅन आणि हॅरिएट. त्यांचा बाप कोण, हे कुठल्या कागदात लिहिलेले नाही. मालक स्मिथच असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे.

आजींचा हात थांबला. "मग ती लेकरं कुनाची?"

मी म्हटले, मालकाची.

"बापाची म्हंतीस?"

नव्हे. मालकाची. जशी गाईची वासरे गाईच्या धन्याची, तशी. तिथला कायदा असा होता की आई गुलाम तर मूल गुलाम. बाप कोण याला किंमत नाही. आपल्याकडे सटवाई जन्मानंतर येऊन कपाळावर लिहून जाते. तिथे सटवाई यायच्या आधीच कायद्याने लिहून ठेवलेले असे. शिवाय १८०८ पासून बाहेरून नवे गुलाम आणायला अमेरिकेत बंदी झाली. म्हणजे गुलामांची संख्या वाढायची ती घरच्या बाळंतपणांतूनच. त्यामुळे सुईणीच्या हातात बाळ सुखरूप आले की आईच्या मांडीवर लेकरू यायचे आणि धन्याच्या वहीत एक रक्कम वाढायची. बिडीने मालकाच्या घरची आणि शेतावरची बाळंतपणे केली, त्या प्रत्येक वेळी हे असे होते. तिला स्वतःला मुली झाल्या, तेव्हाही.

"राकीस हुती म्हनायची मानसं," आजी म्हणाल्या. "आपल्याकडं न्हवतं बाई असलं काही."

माझ्या ओठांवर 'नव्हते' हा शब्द आला होता. पण खोटे बोलायची जागा ती नव्हे. पेशवाईतल्या कागदपत्रांत 'कुणबीण' हा शब्द जागोजाग येतो. कुणब्याची बायको, असा त्याचा साधा अर्थ. पण त्या कागदांतली कुणबीण म्हणजे विकत घेतलेली किंवा धरून आणलेली बाई. सरदारांच्या आणि सावकारांच्या वाड्यांत दळण, कांडण, शेण-पाणी, पागेतली आणि बागेतली कामे त्या करीत. दुष्काळात पोट जाळण्यासाठी विकलेल्या पोरी असत. व्यभिचाराचा आरोप आलेल्या बायकांना सरकारच कुणबिणी करून किल्ल्यांवर आणि कोठ्यांवर कामाला लावी. त्या विकल्या जात, बक्षीस दिल्या जात, लेकीबरोबर सासरी पाठवल्या जात. त्यांच्या पोटच्या मुलांना धन्याच्या घरात लेकवळे म्हणत. पण त्या शब्दात 'लेक' आहे एवढ्यावरून कुणी हुरळून जाऊ नये. १८४३ सालच्या कायद्याने कंपनी सरकारने गुलामगिरीला कोर्टात मान्यता देणे बंद केले आणि १८६२ पासून लागू झालेल्या पिनल कोडाने माणूस विकणे हा गुन्हा ठरला. तोवर हे चालू होते. आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात अटकेपार झेंडे होते. वाड्याच्या मागल्या दाराने पाणी भरणाऱ्या या बाया नव्हत्या. त्यांच्या किमतीचे कागद उरले. त्यांतल्या एखादीने आपली हकीकत सांगितली आणि कुणी ती उतरवून घेतली, असे काही माझ्या वाचनात नाही. बिडीची भिंत पाहताना मला अभिमान वाटला, तशीच थोडी लाजही वाटली, ती यामुळे.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं, फुडं सांग."

पुढे म्हणजे चालणे. स्मिथ कुटुंबाने मॉर्मन नावाचा एक नवा ख्रिस्ती पंथ घेतला होता. त्या पंथाचे लोक पश्चिमेकडे, यूटा प्रांतातल्या वैराण खोऱ्यात, आपली वसाहत करायला निघाले होते. १८४८ साली स्मिथही गुलामांसह निघाला. मालक मंडळी गाड्यांतून. बिडी गाड्यांच्या मागून, गुरे हाकत, पायी. जवळजवळ १७०० मैल, सात महिने. कोल्हापुराहून दिल्ली गाठावी आणि तिथून मागे वळून पुन्हा निम्म्याहून अधिक वाट चालावी, एवढे ते अंतर. थोरली एलेन दहा वर्षांची, मधली चार वर्षांची, आणि धाकटी हॅरिएट अंगावर पिणारी.

"कडंवर?"

"कडेवर."

"आन् गुरं बी तिनंच हाकायची?"

गुरेही तिनेच. मुक्काम पडला की चूल मांडायची तिनेच. आणि वाटेत कुणाला कळा लागल्या की बाळंतपणही तिनेच करायचे.

इथे आजींनी धंद्यातले प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाणी कशात तापवले? आडोसा कशाचा केला? बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी लगेच गाडीत घातली की थांबले? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. चरित्रे लिहिणाऱ्यांनी मैल मोजले, महिने मोजले. पाणी कशात तापवले ते कुणी लिहिले नाही. आजी मात्र स्वतःच उत्तरे देत गेल्या. "गाडीखाली घातली आसंल. गाडीखाली बरं पडतं, वारा लागत न्हाई. मी केलंय. चैतातल्या जत्रंत, सासनकाठ्या नाचत हुत्या आन् बैलगाडीखाली पोरगी झाली. गुलालानं लाल झालेली पोरगी. न्हाऊ घातली तवा कळलं, गोरी हाय म्हनून."

यूटात तीन वर्षे काढून स्मिथने १८५१ मध्ये पुन्हा गाड्या जुंपल्या आणि तो कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो या नव्या मॉर्मन वसाहतीत आला. इथे त्याची चूक झाली. कॅलिफोर्निया १८५० मध्ये अमेरिकन संघराज्यात सामील झाला होता तो गुलामगिरीला बंदी असलेले राज्य म्हणून. म्हणजे त्या मातीवर स्थायिक व्हायला पाय टेकला की बिडी कायद्याने मोकळी. पण कायदा पुस्तकात, बिडी निरक्षर, आणि तिला तो वाचून दाखवायची मालकाला काय गरज? आणखी चार-पाच वर्षे ती तिथे गुलाम म्हणूनच राबली. हक्क असतो आणि तो असल्याचे कुणी सांगत नाही, ही गोष्ट आपल्याही बायकांना नवी नाही.

सांगणारे भेटले ते तिच्यासारखेच, पण आधी मोकळे झालेले. सॅन बर्नार्डिनोतले रोवन नवरा-बायको, आणि लॉस एंजेलिसचा रॉबर्ट ओवेन्स. हा ओवेन्स घोड्यांचा आणि गुरांचा मोठा व्यापारी. त्याचा मुलगा चार्ल्स बिडीच्या एलेनवर जीव लावून बसला होता. तेव्हा या मुक्तीच्या कथेत थोडा भाग प्रेमकथेचाही आहे, हे सांगायला हवे. दिवाळी अंकाच्या वाचकांना ते आवडावे.

१८५५ च्या अखेरीस वसाहतीत स्मिथचे बिनसले आणि त्याने टेक्ससला जायचे ठरवले. टेक्ससमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. तिथे गेल्यावर बिडी, तिच्या तिघी मुली, हॅना नावाची दुसरी गुलाम बाई आणि तिचा लेकुरवाळा पसारा, अशी एकूण चौदा माणसे पुन्हा कायमची अडकली असती. त्यांत बहुतेक सगळी मुलेच. निघायच्या तयारीत स्मिथने लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरात, एका घळीत तळ ठोकला. ओवेन्सने कोर्टात अर्ज दिला, शेरीफला घेतले, आपले घोडेस्वार गुराखी बरोबर घेतले आणि ही मंडळी तळावर जाऊन थडकली. त्यांतल्या बहुतेकांना कोर्टाच्या ताब्यात आणले.

१८५६ च्या जानेवारीत न्यायाधीश बेंजामिन हेज यांच्यापुढे सुनावणी झाली. स्मिथचे म्हणणे असे, की ही माणसे माझी गुलाम नव्हतच, घरचीच आहेत आणि आपखुशीने टेक्ससला येत आहेत. आता बिडीने उठून 'हे खोटे आहे' म्हणावे, एवढेच काम. पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दुसरी गंमत होती. गुलामगिरी नको म्हणणाऱ्या त्याच राज्यात काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याच्या विरुद्ध चालत नसे! बिडी मोकळी होती, पण मोकळी आहे असे सांगायला तिला तोंड नव्हते. त्यातच तिचा वकील ऐन वेळी खटल्यातून अंग काढून बसला. १०० डॉलर घेऊन गप्प बसण्याचा सौदा त्याने केला होता, हे मागाहून उघड झाले.

हेजसाहेब स्वतः गुलामगिरी असलेल्या मेरीलँड प्रांतात लहानाचे मोठे झालेले. पण माणूस सरळ होता. त्यांनी बिडीला कोर्टातून उठवून आपल्या खोलीत बोलावले, दोन तटस्थ सद्गृहस्थ साक्षीला बसवले आणि तिला विचारले. साक्ष म्हणून नव्हे, नुसते विचारले. बिडीने सांगितले, की सांगितलेले काम मी आजवर करीत आले, पण या टेक्ससच्या प्रवासाचे मला पहिल्यापासून भय वाटत होते. तिथेही तुम्ही मोकळ्याच राहाल असे मालक मला सांगत होता.

"एकटीच गेली आत?"

"एकटीच."

"आन् बोलली?"

"बोलली."

आजींनी मान हलवली. आयुष्यभर धन्याच्या घरात राबलेली बाई, बाहेर धनी बसलेला, आत परका साहेब, तीन पोरी शेरीफच्या ताब्यात, आणि वकील पळालेला. अशा वेळी खरे बोलणे म्हणजे काय, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले समजले असावे.

निकालाच्या दिवशी स्मिथ कोर्टात आलाच नाही. हेज यांनी चौदाही जणांना कायमचे मुक्त ठरवले. बिडीचे वय तेव्हा ३७. या निकालाचे मोल कळायला पुढची एक तारीख पुरे. पुढच्याच वर्षी, १८५७ च्या मार्चमध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात नेमका उलटा निर्णय दिला. मुक्त प्रदेशात राहून आल्याने गुलाम मोकळा होत नाही, आणि काळा माणूस देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, असा. एक वर्ष उशीर झाला असता तर? हा विचार मी तिथे भिंतीपाशी उभी राहून केला होता आणि अंगावर काटा आला होता. साऱ्या अमेरिकेतली गुलामगिरी संपायला १८६५ साल उजाडले, तेही यादवी युद्ध होऊन.

मोकळी झाली, मग पोटाचे काय? ओवेन्स कुटुंबाने चौघींना आपल्या घरी ठेवून घेतले. लॉस एंजेलिस तेव्हा केवढे? १८५० च्या शिरगणतीत १६१० माणसे. आपल्याकडे मोठ्या खेड्यात असतात तेवढी. तिथे जॉन ग्रिफिन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी बिडीला परिचारिका आणि सुईण म्हणून कामाला घेतले. रोज अडीच डॉलर. काम तेच, हात तेच, गुलाम वस्तीत शिकलेली विद्या तीच. फरक एवढाच, की आता संध्याकाळी पैसे हातात पडत होते, आणि मुख्य म्हणजे तिने नाळ कापलेले मूल कुणाच्या वहीत चढत नव्हते. गोऱ्यांकडे, मेक्सिकनांकडे, रेड इंडियनांकडे, काळ्यांकडे, ती सगळीकडे जाई. शेकडो बाळंतपणे तिने केली. गरिबाकडून पैसे घेत नसे. स्पॅनिश भाषा उत्तम बोलायला शिकली होती. मेक्सिकोच्या अमलातला कॅलिफोर्नियाचा शेवटचा गव्हर्नर पिओ पिको, त्याच्या पंक्तीला ती जेवली असे सांगतात. देवीची साथ आली तेव्हा, लोक घरे सोडून पळत असताना, ती रोग्यांच्या उशाशी बसली.

तिच्या हातात नेहमी एक मोठी काळी थैली असे. तीत बाळंतपणाचे सामान, आणि त्या सामानाबरोबर न्यायाधीश हेज यांनी दिलेला मुक्तीचा कागद. तो तिला वाचता येत नव्हता. जन्मभर सहीच्या जागी ती फुलीच करीत आली. पण अपरात्री कुणाच्या दारी जाताना कुणी अडवले, तर कात्रीशेजारचा तो कागद काढून दाखवता येत होता.

"माझ्या थैलीत हळद, दोरा आन् पातं आसायचं," आजी म्हणाल्या. "फुडं सरकारी बाईनं शिकवलं तवा साबन आला. कागद कधी लागला न्हाई."

कमाईचे आकडे मी मुद्दाम देते, कारण घर चालवणाऱ्या बायकांना त्यातच सारे दिसेल. १८६६ च्या नोव्हेंबरात बिडीने स्प्रिंग स्ट्रीटवर जागा घेतली. किंमत २५० डॉलर. अडीच डॉलर रोजाने हे बरोबर शंभर दिवसांचे पैसे. ते साठायला तिला दहा वर्षे लागली. तीन मुली, भाडे, औषधपाणी, फुकट केलेली बाळंतपणे. उरलेले ते हे २५०. शहरात स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या पहिल्या काही काळ्या स्त्रियांपैकी ती एक. जागा तेव्हा गावाच्या कडेला होती, भोवती मळे. जागा घेऊनही ती स्वतः बरीच वर्षे भाड्यानेच राहिली. काहीही झाले तरी ही जागा सोडायची नाही, एवढे मात्र मुलींना बजावून ठेवले होते. १८८४ मध्ये त्यातला एक तुकडा तिने १५०० डॉलरला विकला आणि उरलेल्या जागेवर दोन मजली विटांची इमारत बांधली. खाली दुकानाचे गाळे भाड्याने, वर स्वतः. तोवर शहर वाढत वाढत तिच्या दारात आले होते. १८९० च्या शिरगणतीत ते ५० हजारांवर गेले! शहराचा मध्य तिच्या जागेजवळ सरकला, आणि फुली मारून घेतलेल्या त्या जागेने तिला श्रीमंत केले.

श्रीमंत झाल्यावर तिने काय केले? तुरुंगातल्या कैद्यांना डबे नेले. काळ्यांचे शहरातले पहिले आफ्रिकन मेथॉडिस्ट चर्च १८७२ मध्ये तिच्याच घरी सुरू झाले, आणि त्याचे कर व पुजाऱ्याचा पगार तिने भरला. पुरात घरे वाहून गेली त्या वर्षी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तिने खाते उघडून ठेवले. ज्याचे गेले असेल त्याने लागेल ते सामान न्यावे, गोरा असो की काळा. मूठ मिटून ठेवली तर आतही काही येत नाही, असे ती म्हणे, अशी तिच्या घराण्यात आठवण आहे. सकाळी तिच्या दाराशी गरजूंची रांग लागे. शेवटी आजारपणात नातवाला त्यांना परत पाठवावे लागले, तेव्हा कुठे ती मोडली.

१८९१ च्या १५ जानेवारीला बिडी मेसन वारली. (मेसन हे आडनाव तिने मोकळी झाल्यावर लावले.) एवढ्या मोठ्या बाईच्या थडग्यावर ९७ वर्षे साधा दगडही नव्हता. मला हे वाचून फार राग आला होता. १९८८ च्या मार्चमध्ये शहराचे पहिले काळे महापौर टॉम ब्रॅडली यांच्या उपस्थितीत तिथे शिळा बसली, आणि पुढच्या वर्षी ती भिंत. भिंत उभी आहे ती तिच्या त्याच २५० डॉलरच्या जागेवर.

आजींना मात्र थडग्याचा दगड नसल्याचे काही वाटले नाही. "आमच्यात कुठं आसतो दगूड," म्हणाल्या. त्यांचे लक्ष दुसरीकडेच होते.

"त्या पोरींचं काय झालं?"

अ‍ॅन फार वर्षे जगली नाही. हॅरिएट संसाराला लागली. आणि एलेनने त्या चार्ल्स ओवेन्सशीच लग्न केले. निकाल लागला त्याच वर्षी, १८५६ च्या ऑक्टोबरात. दोन मुलगे झाले. त्यांतला रॉबर्ट पुढे आजीच्याच जमिनीच्या जोरावर शहरातला मोठा धनिक झाला.

"थोरलीचं बाळंतपन आईनंच केलं आसंल."

मी म्हटले, असेल. पण तसे कुठल्या कागदात मला आढळले नाही.

आजींनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी किती पुस्तके वाचली आणि किती फुकट गेली ते मला एकदम कळले. "आगं, सुईन आई घरात आस्ताना लेक दुसरीच्या हातात दील व्हय कुनी? त्याला कागुद कशाला पायजे?"

मग त्यांनी माझे पाय खाली ठेवले, पाटीतला एक पेरू माझ्या हातावर ठेवला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. वर देवळाकडून 'चांगभलं'चा गजर ऐकू येत होता. "ऊठ आता," त्या म्हणाल्या, "ऊन चढायच्या आत डोंगूर चढ. आन् कडंकडंनं जा, मधी दगडं लई तापत्यात."